रीपर: मूळ वेव्ह फाइल दुरुस्त करायची आहे, कापलेले आयटम न हलवता

काळीएक
भजनाचं रेकॉर्डिंग आहे. गाण्याच्या माइकची एकच २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झची वेव्ह फाइल, सहा मिनिटांची. रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे सत्तरेक तुकडे (आयटम) झालेत आणि ते चार ट्रॅकवर पसरलेत. ध्रुवपदाचा एक चांगला तुकडा पाच ठिकाणी कॉपी केलाय.
दोन दोष आहेत. फाइलभर विजेची हमिंग आहे, ५०, १०० आणि १५० हर्ट्‌झला ठळक. शिवाय ध्रुवपदाच्या त्याच तुकड्यात माइक स्टँडला धक्का लागल्याचा ‘धप्’ आवाज आहे. मूळ फाइलच ऑडासिटी या दुसऱ्या ध्वनिसंपादकात साफ केली तर सगळीकडे आपोआप लागू होईल ना? करून पाहिलं तर विंडोज म्हणतं फाइल वापरात आहे. शिवाय सेव्ह केल्यावर वेव्ह फाइल न बदलता एयूपी३ नावाची भलतीच फाइल तयार होते.

डग्गा_डावा
एयूपी३ हा ऑडासिटीचा स्वतःचा प्रोजेक्ट. ३.० आवृत्तीपासून आवाजही त्याच फाइलीत साठवला जातो. ‘सेव्ह’ने वेव्ह कधीच बदलत नाही, त्यासाठी एक्स्पोर्टच करावं लागतं. आणि फाइल ‘वापरात’ आहे कारण रीपरने ती उघडी धरली आहे. प्रेफरन्सेसमध्ये, रीपर समोर नसताना मीडिया ऑफलाइन करण्याची सोय आहे, ती चालू करा. मग ऑडासिटीत गेलात की रीपर फाइल सोडून देतो.

आयटमवर राइट क्लिक करून एक्स्टर्नल एडिटरमध्ये उघडता येतं (आधी प्रेफरन्सेसमध्ये एडिटर नेमून द्यावा लागतो), पण तिथे दोन पर्याय दिसतील. ‘कॉपी’वाला घेतला तर दुरुस्ती त्या एका आयटमपुरतीच राहते. तुम्हाला तो नको.

आता मुख्य गोष्ट. रीपरचा आयटम म्हणजे ‘या फाइलीत इतक्या सेकंदांपासून इतका वेळ वाजव’ एवढी नोंद. त्यामुळे फाइलीची लांबी कुठेही बदलली की त्या जागेपुढचे सगळे तुकडे सरकतात. सुरुवातीची ३०० मिलिसेकंदांची शांतता उडवलीत तर सत्तरच्या सत्तर आयटम ३०० मिलिसेकंद पुढचं वाजवतील, कापलेल्या जागा शब्दांच्या मधोमध येतील. म्हणून डिलीट वापरायचं नाही. एखादी जागा गप्प करायची असेल तर ती निवडून कंट्रोल+एल, म्हणजे तेवढ्याच लांबीची शांतता.

मंद्र
सगळंच मूळ फाइलीत करायचा हट्ट कशाला? हमिंग फाइलभर सारखी आहे, म्हणजे ती इफेक्टने काढायची वस्तू. चारही ट्रॅक एका फोल्डर ट्रॅकखाली घ्या आणि त्यावर रीपरचा इक्वलायझर, रीइक्यू, एकच लावा. उद्या प्रमाण बदलावंसं वाटलं तर बदलता येतं. फाइलीत कोरलेला नॉच (ठरावीक कंपनसंख्येवरची अरुंद खाच) परत भरता येत नाही.

नॉच किती अरुंद हे मात्र गाण्याची पट्टी बघून ठरवा. तुमचं नाव काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी), पट्टीही तीच धरतो. मध्य षड्ज साधारण १३८.६ हर्ट्‌झ, शुद्ध प्रमाणातला कोमल रिषभ १४७.८ च्या आसपास. १५० ला क्यू (नॉचच्या अरुंदपणाचा आकडा, जितका मोठा तितका नॉच अरुंद) ३० ठेवलात तर १४७.५ ते १५२.५ चा पट्टा खाली जातो, म्हणजे कोमल रिषभाचा पाया त्यात सापडला. कोमल रिषभ लागणाऱ्या भैरवीचं भजन असेल तर ते लगेच ऐकू येईल. क्यू ६० केलात तर पट्टा अडीच हर्ट्‌झचा होतो आणि सूर वाचतो. रीइक्यूत क्यू नसून बँडविड्थ ऑक्टेव्हमध्ये आहे, तिथे ०.०२४ च्या आसपास ठेवा.

त्याहून अरुंद करू नका. नॉच जितका अरुंद तितका तो जास्त वेळ घुमतो, आणि माइकमध्ये शिरलेल्या तबल्याच्या थापेमागे बारीक शेपूट ऐकू येतं. शिवाय आपल्याकडे वीज नेमकी ५० वर नसते. ग्रिडची मान्य मर्यादा ४९.९० ते ५०.०५ आहे, म्हणजे तिसरा हार्मोनिक, तिची तिप्पट, १४९.७ ते १५०.१५ मध्ये हलतो. अडीच हर्ट्‌झमध्ये तो आरामात मावतो. पूर्ण शून्य करायच्या मागे न लागता १२ ते १५ डेसिबल खाली आणा, बाकीची तंबोऱ्याखाली झाकली जाते.

क्यू १ वर ठेवून नॉच मारणारेही असतात. त्यात ९३ ते २४३ हर्ट्‌झपर्यंतचा आवाज जातो आणि मग ‘गायकाचा आवाज पातळ का झाला’ असा नवा धागा निघतो.

डग्गा_डावा
पटलं. मग मूळ फाइलीत फक्त ‘धप्’ काढा, कारण तो एकाच जागी दुरुस्त केला की पाचही कॉपींत जातो. धक्क्याची ऊर्जा बहुतेक ८० च्या खाली असते. तेवढाच पाव-अर्धा सेकंद निवडून हाय-पास (खालचे आवाज कापणारा फिल्टर) मारा, बाकी फाइलीला हात नको. निवडीच्या कडा झीरो क्रॉसिंगवर, म्हणजे लहर शून्याला छेदते तिथे, घ्या (झेड दाबा), नाहीतर धप् जाऊन टिक् येईल.

काळीएक
आभार. पट्टी काळी एकच आहे, आणि भैरवीच. एक्स्पोर्ट करताना जुन्याच नावावर टाकू का?

खर्जसाधना
नको. रीपरचं अनडू प्रोजेक्टपुरतं चालतं, डिस्कवरची फाइल त्याला परत आणता येत नाही. ‘_दुरुस्त’ असं नवं नाव द्या आणि रीपरच्या प्रोजेक्ट मीडिया बेमध्ये (प्रोजेक्टात वापरलेल्या फाइलींची यादी) जुन्या फाइलीच्या जागी नवी बसवा. सगळे आयटम एका झटक्यात वळतात. तिथे जमलं नाही तर आरपीपी, म्हणजे रीपरची प्रोजेक्ट फाइल, साधा मजकूरच आहे: रीपर बंद करा, आरपीपीची प्रत ठेवा, नोटपॅडमध्ये फाइंड-रिप्लेसने नाव बदला.

एक्स्पोर्टच्या वेळी ऑडासिटीचा प्रोजेक्ट रेट ४८००० आहे ना हे बघा. मोनो फाइल मोनोच राहू द्या. डिथर (एक्स्पोर्टच्या वेळी मिसळला जाणारा बारीक खरखराट) बंद ठेवा, २४ बिटला त्याचा कानाला फरक नाही, पण पुढच्या तपासणीत लुडबुड करतं.

तपासणी अशी: जुनी आणि नवी पूर्ण फाइल दोन रिकाम्या ट्रॅकवर शून्यापासून लावा, दोन्ही फेडर सारखे, एकाचा फेज उलटा, म्हणजे जे सारखं ते एकमेकांना रद्द करेल. तुमच्या बाबतीत त्या धक्क्याच्या जागी तेवढा ‘धप्’ आणि इतर सगळीकडे शांतता मिळाली पाहिजे. फाइलभर गाणं पातळ, पत्र्यासारखं ऐकू आलं तर नवी फाइल सरकली आहे, ती प्रोजेक्टात बसवू नका. ४८ किलोहर्ट्‌झला एक सॅम्पल म्हणजे ०.०२ मिलिसेकंद, तेवढं सरकलं तरी ही चाचणी पकडते.

फाइल फील्ड रेकॉर्डरची असेल तर आणखी एक. रेकॉर्डर वेव्हमध्ये टाइमकोडचा (रेकॉर्डिंगच्या वेळेचा) शिक्का टाकतो, तो ऑडासिटीतून बाहेर पडताना गळतो. मूळ जागी परत बसवायला तो लागतो, म्हणून जुनी फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरातच राहू द्या. आणि रीपरला ‘न वापरलेल्या फाइली साफ करा’ म्हणताना यादी वाचल्याशिवाय ओके दाबू नका, त्यात तीही दिसेल.