शब्दचर्चा : हिमोफिलियात रक्त ‘पातळ’ असतं का?

प्रश्न (कोथरूड, पुणे) : शाळेतल्या शिक्षकांसाठी हिमोफिलियावर (रक्त नीट न गोठण्याच्या आजारावर) मराठी पत्रक तयार करतो आहोत. मसुद्यात ‘या मुलांचं रक्त पातळ असतं’ असं वाक्य आहे. चालेल का? शिवाय ‘गोठणं’ लिहावं की ‘साकळणं’?

उत्तर १ : ‘पातळ’ हा शब्द कृपया काढून टाका. आपल्याकडे हृदयविकाराच्या माणसाला ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ देतात, म्हणजे बहुतेकदा अ‍ॅस्पिरिन, आणि नेमकी तीच या मुलांना द्यायची नसते. ‘पातळ’ वाचून शिक्षकांना वाटणार की जरा खरचटलं तरी रक्त भळाभळा वाहील. तसं होत नाही.

रक्तवाहिनी फाटली की तिच्या अस्तराखालचं कोलॅजन हे तंतुमय प्रथिन उघडं पडतं. रक्तातला फॉन विलेब्रँड फॅक्टर (‘फॅक्टर’ म्हणजे रक्त थांबवायला मदत करणारं प्रथिन) त्याला चिकटतो, त्याच्या आधाराने प्लेटलेट या बारीक रक्तकणिका जमतात आणि भोकाला तात्पुरतं बूच बसतं. हिमोफिलियात इथवर सगळं ठीक असतं, म्हणून बारीकसा ओरखडा बहुधा नेहमीसारखाच थांबतो. अडतं ते पुढे. वाहिनीच्या भिंतीबाहेरच्या पेशींवरचा टिश्यू फॅक्टर गोठण्याची सुरुवात करून देतो, पण ती जोरात पुढे न्यायला प्लेटलेटच्या पृष्ठभागावर आठवा आणि नववा फॅक्टर एकत्र यावे लागतात. ‘ए’ प्रकारात आठवा कमी, ‘बी’ प्रकारात नववा. मग फायब्रिनचे धागे बनवणारं थ्रॉम्बिन पुरेसं तयार होत नाही, त्या धाग्यांचं जाळं विरळ राहतं आणि बूच सुटतं. दात काढल्यावर काही तासांनी पुन्हा रक्त येतं ते यामुळेच.

सांध्यांच्या आत टिश्यू फॅक्टर मुळातच कमी असतो, त्यामुळे तिथे सगळी भिस्त आठव्या-नवव्यावर. गुडघा, घोटा, कोपर वारंवार सुजतात ते म्हणून. पत्रकात सर्वांत ठळक हेच छापा. मूल ‘गुडघ्यात गरम वाटतंय, आखडलाय’ म्हणालं, तर बाहेर थेंबभर रक्त दिसत नसलं तरी आत रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो. त्याला पीटीच्या तासाला पळवू नये, लगेच घरी फोन करावा.

उत्तर २ : मी या मुलांच्या वॉर्डात काम करते. प्रक्रियेसाठी ‘गोठणं’च बरं, पाठ्यपुस्तकातही तेच आहे. ‘साकळणं’ आपण मुका मार लागल्यावर म्हणतो, ‘मांडीत रक्त साकळलंय’. तेव्हा कातडीखाली किंवा स्नायूत साठलेल्या रक्तासाठी तो शब्द राखून ठेवा, शिक्षकांना चटकन कळेल. ‘फॅक्टर’ला ‘घटक’ करू नका. घरोघरी ‘आज फॅक्टर घेतला का?’ (म्हणजे त्याचं इंजेक्शन) असंच विचारतात. आणि ‘रक्तस्त्राव’ नाही, ‘रक्तस्राव’. मूळ शब्द ‘स्राव’, त्यात त नाही.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. वाक्य असं बदललं आहे : ‘या मुलांचं रक्त इतरांइतकंच दाट असतं आणि इतरांपेक्षा वेगाने वाहत नाही, पक्की गुठळी न झाल्याने ते जास्त वेळ वाहत राहतं.’ ‘सौम्य’ आणि ‘तीव्र’ यांचाही खुलासा द्यावा का?

उत्तर १ : एका ओळीत द्या. फॅक्टरची पातळी नेहमीच्या १ टक्क्याहून कमी असेल तर तीव्र, १ ते ५ मध्यम, त्यापुढे ४० पर्यंत सौम्य. तीव्र प्रकारात काही न लागताही सांध्यात रक्तस्राव होतो. तेव्हा ‘कुठे पडलास?’ असं मुलाला दरडावून विचारू नये, हेही शिक्षकांना सांगा.