एक एकरात सोसायटी आणि परसबाग दोन्ही बसेल का? (सांगली)

विश्रामबागकर: ४० गुंठे, सगळी काळी माती. चार मजली दोन इमारती होतील. सभासदांना भाजीचे वाफेही हवेत. जागा कुठं आणि किती सोडायची?

कृष्णाकाठ: ४००० चौ.मी.च्या वर प्लॉट गेला की १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, म्हणजे चारेक गुंठे. सगळी वाफ्यांना देऊ नका, पोरं खेळणार कुठं? दोन गुंठ्यांत १.२ बाय ३ मीटरचे २५ वाफे बसतात, मध्ये ६० सें.मी. वाट धरून. वाफा यापेक्षा रुंद केला की मधल्या तणापर्यंत हात पोचत नाही, मग लोक आत पाय देतात आणि माती दबते. आणि आधी पूररेषा बघा. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीकडच्या बाजूला, इमारतीचा विषयच नको.

मिरजकर: बाग इमारतीच्या दक्षिणेला घ्या, दादा. डिसेंबरात १२ मीटर उंचीची सावली भर दुपारीही उत्तरेला दहा मीटर पडते. तिथं मेथी कशीबशी येईल, टोमॅटो नाही.

कृष्णाकाठ: सावलीचं बरोबर. पाण्याचंही आत्ताच ठरवा: उन्हाळ्यात चौ.मी.ला रोज ५ लिटर, २५ वाफ्यांचे ९० चौ.मी. धरले तर ५०० लिटरची वेगळी टाकी.

वाफेवाला: पाया खणण्याआधी वरची फूटभर माती काढून बाजूला ढीग लावा. बिल्डर ती भरावात घालतो आणि बागेच्या नावाखाली सिमेंट-विटांचा राडारोडा पसरतो. बागेच्या जागेवर डंपरही फिरू देऊ नका. दबलेल्या काळ्या मातीत पावसाळाभर पाणी साचतं, मुळं कुजतात. वाफे फूटभर उंच करा, चर उताराला काढा.