उन्हाळ्यात म्हाताऱ्यांना लघवी आवरायच्या गोळ्या द्याव्या का?

महालकर: एप्रिल ते जून नागपुरात म्हाताऱ्या माणसांना ऑक्सिब्युटिनिन, टोल्टेरोडिन, सोलिफेनासिन या लघवी आवरायच्या गोळ्या सर्रास देणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. नसेतून सुटलेलं ॲसिटिलकोलीन हे रसायन मूत्राशयाच्या मस्करिनिक रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, बसलं की स्नायू आकसतो. ही गोळी ती जागाच अडवते, म्हणून लघवीची घाई कमी होते. पण तेच रिसेप्टर लाळेच्या ग्रंथीत, आतड्यात, डोळ्यात आणि घामाच्या ग्रंथीतही आहेत. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, हे डॉक्टर सांगतात. घाम आटेल हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. पारा ४५ वर गेल्यावर घामाशिवाय अंग थंड कसं राहणार? मागच्या मेमध्ये सासूबाई कूलरसमोर बसल्या होत्या. अंग भाजत होतं आणि ब्लाउजची बाही कोरडी ठाक.

सुजाता, मानेवाडा: अजिबात पटलं नाही. गोळी नव्हती तेव्हा माझी आई पाणीच पीत नव्हती. सकाळी अर्धा कप चहा, मग दुपारपर्यंत ओठाला पाणी नाही, का तर उठावं लागेल! उन्हाळ्यात याहून घातक काय असतं? आता माठातलं पाणी स्वतः मागून पिते. रात्री अंधारात संडासाकडे धावणंही कमी झालं. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणालाच खिळतो.

औषधवाला, इतवारी: एकाच गोळीवर काहून भांडून राहिले? सगळ्या चिठ्ठ्या एकत्र मांडून पाहा. सर्दीची क्लोरफेनिरामिन, पोटदुखीची डायसायक्लोमिन, झोपेसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, ही सगळी तेच रिसेप्टर अडवतात. वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली, एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही. मग लघवी तुंबते, म्हातारं माणूस बरळायला लागतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं.

महालकर: हेच तर म्हणतो आहे. धोतऱ्याच्या बिया पोटात गेलेला माणूस पाहा, अंग तापलेलं, तोंड कोरडं, अखंड बडबड. त्यातलं ॲट्रोपीनही मस्करिनिक रिसेप्टरच अडवतं.

सुजाता, मानेवाडा: आणि ऑरगॅनोफॉस्फेट हे कीटकनाशक अंगात गेलेल्या शेतकऱ्याला वाचवायला तेच ॲट्रोपीन टोचतात. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीने माणसं गेली, तेव्हापासून विदर्भात ॲट्रोपीनचं नाव घरोघरी ठाऊक असायला हवं होतं. प्रश्न मात्रेचा आहे, भाऊ.

नंदनवनची ताई: लघवीच्या घाईवरच्याच दुसऱ्या गोळीचं, मिराबेग्रॉनचं, कोणीच बोललं नाही. ते बीटा-३ या वेगळ्या रिसेप्टरवरून मूत्राशयाचा स्नायू सैल करतं, घामाच्या वाटेला जात नाही. पण बीपी तपासत राहावं लागतं. १८०/११० च्या वर असेल तर देत नाहीत.

महालकर: सासूबाईंचं बीपी गोळ्या घेऊनही वरच असतं, म्हणून तो रस्ता बंद. डोस कमी करायला मी तयार आहे. पण चिठ्ठी लिहिताना घरावर टिनाचं छप्पर आहे का, दुपारी वीज जाते का, एवढं तरी विचारा ना.

औषधवाला, इतवारी: काचबिंदू आहे का, लघवी अडकते का, हेही त्याच वेळी विचारलं पाहिजे. आणि कोणी मनाने गोळी तोडू नका जी.

सुजाता, मानेवाडा: विचारावं, हे मान्य. सरसकट बंद करावं, हे नाही. आईची गोळी या मेमध्येही सुरू राहील. दुपारी अंगावर ओला पंचा आणि दर तासाला पाणी, ते मी पाहते.