हिरड्यांतून रक्त येणे: तुमचे अनुभव इथे लिहा

गेल्या वर्षी दादर स्टेशनबाहेर उभ्या उभ्या वडापाव खात होते. दुसरा घास घ्यायला पाव तोंडाशी नेला, तर चावलेल्या कडेला लाल ठिपका. आधी वाटलं चटणी असेल. मग खिळा चाटल्यासारखी ती चव जिभेला कळली.

खरं सांगायचं तर ब्रश करताना बेसिनमध्ये गुलाबी फेस दीड-दोन वर्षं दिसत होता. त्यावर मी काय केलं, तर जिथून रक्त येतं तिथे ब्रश लावणंच सोडून दिलं. उगाच कशाला दुखवा! दुखत तर काहीच नव्हतं, म्हणून राहूनही गेलं.

डेंटिस्टबाईंनी आरसा हातात देऊन खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू दाखवली. दात सुटे दिसतच नव्हते, सलग पिवळट-तपकिरी कुंपण होतं. मग खुणा केलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या मधे हलकेच घालत त्या आकडे सांगू लागल्या आणि असिस्टंट लिहू लागली: तीन, दोन, तीन, पाच, सहा. हे मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक, पुढे ‘पॉकेट’, म्हणजे हिरडी दातापासून सुटून खाली झालेला खिसा. सगळे पाच-सहा उजवीकडे खाली होते. जिथे ब्रश लावणं बंद केलं होतं, नेमके तिथेच.

दोन बैठकांत स्केलिंग (दातांवरचं कीटण खरवडून काढणं) झालं, उजवीकडे इंजेक्शन देऊन मुळाशी डीप क्लीनिंग. ट्रेमध्ये पडलेले कीटणाचे तुकडे जुन्या भिंतीच्या चुन्याच्या पोपड्यांसारखे दिसत होते. दोनेक आठवड्यांत रक्त थांबलं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा सहाचे चार झाले होते. हाड झिजलंय ते मात्र परत येणार नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं.

तुमचे अनुभव लिहा. घरगुती उपाय, भीती, फसलेले प्रयोग, सगळं चालेल. फक्त ‘अमुक पेस्ट घ्या’ अशी जाहिरात नको.

पार्लेकरीण
मला पाचव्या महिन्यात सुरू झालं. साधं पेरू खाल्लं तरी फोडीवर लाल रेघ. सासूबाई म्हणाल्या, पोटुशी बाईनं दातांना हात लावू नये, बाळंत झाल्यावर बघू. माझ्या गायनॅक उलट म्हणाल्या, आत्ताच जा, हे मधले तीन महिने दातांच्या कामाला सगळ्यात सोयीचे. गरोदरपणात हार्मोन्समुळे थोड्याशा कीटणालाही हिरड्या जास्त सुजतात, असं तिथे कळलं. दोन दातांमध्ये मुगाएवढी लाल गाठ आली होती, ती बघून मी रात्रभर झोपले नव्हते. डॉक्टरांनी काढली नाही, नुसती सफाई केली. बाळंतपणानंतर ती आपोआप जिरली.

सिगारेट सोडलेला
माझं उलट. वीस वर्षं सिगारेट, पण हिरड्यांतून कधी थेंब नाही. मित्रांना ऐटीत सांगायचो. मग एक दात हलायला लागला. डॉक्टर म्हणाले, तंबाखूनं रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे रक्त दिसत नाही, आतली सूज झाकली जाते. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांनी ब्रशवर रक्त दिसायला लागलं. मनात म्हटलं, च्यायला, ओढत होतो तेच बरं होतं! डॉक्टर हसले. हिरडीला रक्तपुरवठा नीट व्हायला लागलाय, आता उपचारही लागू पडतील, म्हणाले. तो हलणारा दात गेला, बाकीचे आहेत.

घाटकोपर पूर्व
थोडं वेगळं आहे, पण मुंबईत राहणाऱ्यांनी वाचावं. ऑगस्टमध्ये मुलाला ताप आला. चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्ही निवांत. पाचव्या दिवशी सकाळी उशीच्या अभ्र्यावर तांबूस डाग आणि दातांच्या कडेला रक्त. बायको म्हणाली, दात कधी धड घासतो का तो! मी डेंटिस्टची अपॉइंटमेंट घ्यायला निघालो होतो. शेजारच्या नर्सताईंनी अडवलं आणि म्हणाल्या, आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी करा. प्लेटलेट २८ हजार. नॉर्मल दीड लाखाच्या वर असतात. डेंग्यू निघाला, चार दिवस अ‍ॅडमिट होता. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं, हे तेव्हा कळलं. हिरड्यांतलं रक्त आपोआप थांबलं, दातांचं काहीच करावं लागलं नाही. आणि अंगदुखीसाठी आम्ही त्याला अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन दिलं नव्हतं, हे नशीब; त्यांनी रक्तस्राव आणखी वाढू शकला असता.

लालबागची लेक
आमच्या चाळीत दुपारी तंबाखू भाजल्याचा वास आला की समजायचं, कुणीतरी तव्यावर मिश्री करतंय. आई लग्नाआधीपासून लावायची. दिवसातून चार वेळा, बोटानं, ओठाच्या आत. “मिश्रीनं हिरड्या घट्ट राहतात,” हे तिचं ठाम मत. रक्त आलं की अजून एक बोट. साठीला आली तेव्हा खालचे तीन दात हातानं हलत होते.

नायरच्या डेंटल कॉलेजात नेलं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढला. शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, तिनं आईचा ओठ खाली ओढला आणि गप्पच झाली. जिथे मिश्री बसायची तिथे पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे ते दिवस नको आठवायला. कॅन्सर निघाला नाही. तीन दात काढले, बाकीच्यांची सफाई केली, आणि चट्टा अजूनही ठरावीक दिवसांनी दाखवावा लागतो.

आई आता मऊ ब्रश वापरते. मिश्रीचा डबा फडताळात तसाच आहे. टाकू देत नाही.

हिरडीवाला डॉक्टर
मी हिरड्यांचाच डॉक्टर आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी. ‘स्केलिंगनं दात सैल होतात, फटी पडतात’ हे रोज ऐकतो. फट आधीपासूनच असते, तिथे कीटण भरलेलं असतं. ते निघालं, सूज उतरली की फट दिसते. काही दिवस गार-गरम लागतं, ते कमी होतं.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, जरूर करा. पण दातावरचा मऊ थर लाळेतल्या क्षारांनी कडक झाला की तो गुळण्यांनीही निघत नाही आणि ब्रशनंही नाही. तुरटी घासून रक्त थांबलं म्हणून खूश होऊ नका, ती फक्त हिरडी आवळते. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश मनानं महिनोन्‌महिने वापरणारेही येतात, चहासारखे तपकिरी दात घेऊन. तो सांगितलेल्या दिवसांपुरताच.

रक्त येतं तिथेच ब्रश हलक्या हातानं, हिरडीच्या कडेला तिरका धरून फिरवायचा. दोन दातांच्या मधे फ्लॉस किंवा बारीक ब्रश. पहिले काही दिवस रक्त येईलच, घाबरून थांबू नका. हिरड्यांची नुसती सूज असेल तर ती पूर्ण बरी होते. नेमानं घासून, सफाई करूनही रक्त थांबत नसेल, अंगावर निळे डाग उठत असतील, तर रक्ताच्या तपासण्या करा.

मधुमेही मुलुंडकर
पुस्ती जोडतो. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) साडेनऊ होती तोवर स्केलिंग करूनही हिरड्या सुजायच्या. साखर सातच्या आसपास आली आणि हिरड्याही सुधारल्या. डॉक्टर म्हणतात हे दोन्हीकडून चालतं, हिरड्या बिघडल्या की साखरही आवरत नाही.

बाबांसाठी विचारते
@हिरडीवाला डॉक्टर, बाबा ७१. दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. ब्रश केला की बरंच रक्त येतं. शुक्रवारी स्केलिंग आहे, तोवर रक्त पातळ करणारी गोळी बंद ठेवतो म्हणतात. चालेल ना?

हिरडीवाला डॉक्टर
नाही. स्वतःहून एक दिवसही बंद करू द्यायची नाही, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. हिरडीचं रक्त दाबून थांबवता येतं. स्केलिंग सहसा या गोळ्या चालू ठेवूनच करतात. आजच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा आणि गोळ्यांची चिठ्ठी दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा. बीपीची गोळी चालू असेल तर तीही सांगा, अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या वाढतात.

बाबांसाठी विचारते
फोन केला. चालू ठेवा म्हणाले. आजची सकाळची गोळी बाबांनी उशीखाली लपवली होती, ती सापडली. डॉक्टरांना विचारून आत्ता माझ्यासमोर घ्यायला लावली. बीपीची गोळीही चालू आहे, नाव बघून सांगते.