मदत हवी आहे: १४ जणांचा भात ४ तास गरम कसा ठेवायचा?

येत्या रविवारी आम्ही १४ मित्रमैत्रिणी जवळच्याच तळ्याकाठी जाणार आहोत. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा आणि गोल करून एकत्र जेवायचं. सकाळी ९ला निघणार, जेवायला १ वाजणारच. तिथे चूल पेटवायला परवानगी नाही, वीजही नाही.

भात माझ्याकडे आलाय आणि अडचण त्याचीच आहे. शिजवलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये, गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं, हे माहीत आहे. कोमट भातात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, म्हणून इथे धोका पत्करायचा नाहीये.

मागच्या वेळी पातेलं टॉवेलात गुंडाळून नेलं. उघडलं तर झाकणातून पाणी ठिबकत होतं, भात कोमट आणि चिकट. सगळा टाकून दिला, फार वाईट वाटलं. या आठवड्यात स्टीलचा इन्सुलेटेड डबा उकळत्या पाण्याने तापवून काठोकाठ भरून पाहिला. ४ तासांनी थर्मामीटरवर ६४ अंश! पण तो जेमतेम ५ जणांना पुरतो.

घरात बर्फासाठीचा मोठा प्लॅस्टिकचा कूलबॉक्स आहे. थंड पदार्थ बाकीच्यांनी वाटून घेतलेत, त्यामुळे गरम भात हवाच. नवीन भांडं घ्यायचं नाही. त्या कूलबॉक्समध्ये गच्च भरलेलं गरम पातेलं आणि भोवती उकळत्या पाण्याच्या स्टीलच्या बाटल्या ठेवल्या, तर ४ तास ६० अंश टिकतील का? कोणी मोजून पाहिलंय?