उद्या अचानक सुट्टी, मुलांचं काय करायचं? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

अ-१०२ (रात्री ८:०५)
शाळेचा मेसेज आला, उद्या सुट्टी. पाण्याच्या टाकीचं काम निघालंय म्हणे. मोठा सात वर्षांचा, धाकटी साडेतीनची. बातमी कळल्यापासून मोठ्याच्या सोफ्यावरून उड्या चालू आहेत. मला दुपारी दोन मीटिंग आहेत आणि यांना ऑफिसला जावंच लागणार आहे. काहीतरी सुचवा. "टीव्ही लावून दे" सोडून सुचवा, ते मला येतं.

ब-३०४ (८:०९)
ताई, काळजी नको! मी प्लॅन केलाय. ९ ते १० चित्रकला, १० ते ११ मातीकाम, ११ ते १२ गोष्ट, १२ ते १ कागदकाम, जेवण, २ ते ३ कोडी, ३ ते ४ विज्ञानाचे प्रयोग, ४ ते ५ मैदानी खेळ. सगळ्या मुलांना पार्किंगमध्ये एकत्र घेऊ. शेवटी बक्षीस समारंभ.

अ-१०२ (८:१०)
दादा, ही सुट्टी आहे की दुसरी शाळा?

ब-१०५ (८:१२)
आमचीही प्लेस्कूल बंद आहे. आमची बाई दोन वर्षांची. चित्रकलेला बसवलं तर पाचव्या मिनिटाला खडू तोंडात जाईल.

ड-२०३ (८:१३)
हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामांसाठी आहे.

अ-४०३ (८:१५)
काका, उद्या ही सगळी फौज तुमच्याच खिडकीखाली असणार आहे. झालं की नाही सोसायटीचं काम?

अ-४०३ (८:२४)
आता जरा लांबलचक लिहिते. बालवाडीत इतकी वर्षं काढली, तेव्हा बोलायचा हक्क आहे असं समजते.

३०४ चे दादा, उत्साह छान आहे, पण दिवसाला एकच गोष्ट ठरवा. एकच. बाकीचा दिवस मोकळा ठेवा. शाळेत मुलांचं सगळं घंटेवर चालतं. आत्ता हे उघड, आता ते मिट, आता रांगेत उभं राहा. सुट्टीची खरी चैन म्हणजे हातातलं काम अर्ध्यावर कुणी काढून घेत नाही. साडेतीन वर्षांचं मूल एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला लागलं की अर्धा अर्धा तास ओततं. कंटाळतो आपण. त्याचं काम चालू असतं. किती मावतं, कधी सांडतं, उंच पेल्यात जास्त दिसतं ते खरंच जास्त असतं का, हे सगळं ते तपासत असतं. नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, चल, आता मातीकाम.

आणि दहा वाजता कुणीतरी येऊन विचारेलच, "मी आता काय करू?" लगेच उत्तर देऊ नका. "बघ बाबा" म्हणा आणि आपलं काम करत राहा. पहिली दहा-पंधरा मिनिटं भुणभुण असते. ती सोसायची. मग उशांचं घर होतं, खुर्च्यांची गाडी होते. ते घर आपण सुचवून होत नाही, सुचवलं की "नको" म्हणतात.

ब-३०४ (८:२९)
पटतंय थोडंफार. पण बक्षीस ठेवलं तर मुलं उत्साहाने बसतात, हा माझा अनुभव आहे.

अ-४०३ (८:३५)
त्या दिवशी बसतात, खरंय. पुढचं ऐका. अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक प्रयोग छापला. बालवाडीतली मुलं, ज्यांना रंगवायला मुळातच आवडत होतं अशी. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी दिलं. काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी तेच रंग वर्गात नुसते ठेवले. ज्यांना आधी कबूल केलं होतं ती मुलं रंगांकडे इतरांपेक्षा कमी वळली. अचानक मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे बक्षीस वाईट नाही, सौदा वाईट. ज्याला मुळात गोडी आहे त्याला आमिष दाखवू नका, एवढंच.

ब-३०४ (८:३६)
म्हणजे पदकं आणलीत ती परत ठेवू?

अ-४०३ (८:३६)
ठेवा. उंच कपाटात ठेवा.

ब-१०५ (८:४०)
ताई, एक विचारू? आमची कुणाबरोबर खेळतच नाही. शेजारी बसते, स्वतःचंच करते, आणि मध्येच दुसऱ्याचं हिसकावते. मागे पार्किंगमध्ये फारच ओशाळल्यासारखं झालं. उद्या आणू की नको?

अ-४०३ (८:४४)
आणा हो! दोन वर्षांचं मूल असंच खेळतं. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार लिहून ठेवलेत. त्यात एक प्रकार हाच आहे. दोघं शेजारी शेजारी, एकाच तऱ्हेच्या खेळण्यांनी, पण आपापलं. मिळून एक खेळ रचणं पुढे येतं. तेव्हा "दे ना त्याला, शेअर कर" म्हणत मागे लागू नका. एकाच वस्तूच्या दोन-तीन प्रती ठेवा. दोन बादल्या, तीन चमचे. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. सात वर्षांच्यांना मात्र नियम लागतात, आणि खेळण्यापेक्षा नियमांवर भांडायलाच त्यांना जास्त मजा येते. भांडू द्या. मारामारी झाली तरच उठा.

क-२०१ (८:५१)
मी निवृत्त शिक्षक. मला एक काम द्या. खर्च फक्त खडूचा.

सकाळी ऊन आलं की मोकळ्या फरशीवर मुलाला उभं करायचं. आधी त्याच्या पावलांभोवती रेघ मारायची, मग सावलीभोवती. शेजारी वेळ लिहायची. तासाभराने त्याच पावलांत त्याला पुन्हा उभं करायचं. पण उभं करण्याआधी विचारायचं, "सावली आता कुठे पडेल? जिथे वाटतं तिथे दगड ठेव." बरीच मुलं दगड जुन्याच रेघेवर ठेवतात. आणि मग सावली भलतीकडे पडते! तो चेहरा बघायला मी आजही दोन मजले उतरून येईन.

पृथ्वी २४ तासांत एक फेरी मारते म्हणजे तासाला १५ अंश वळते, हे मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. पण ते सांगायची घाई नको. मुलाला आधी "माझी सावली पळाली" म्हणू दे. "सूर्य हलला" म्हणालं तरी उद्यापुरतं चालेल, डोळ्यांना दिसतं तसंच. दोन-तीन रेघा झाल्यावर ते स्वतःच विचारतं, मग सांगा.

आठ-दहा वर्षांच्यांना वेगळं काम. जमिनीत किंवा कुंडीत काठी सरळ रोवायची आणि साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. सगळ्यांत आखूड सावली कधी पडली? घड्याळात बरोबर १२ वाजलेले असतीलच असं नाही. घड्याळ आपण सगळ्या गावांना मिळून एक लावलंय, सूर्य मात्र प्रत्येक गावावर आपापल्या वेळेला माथ्याशी येतो. हे त्यांना पुस्तकाआधी काठीने कळलं तर बरं. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे मात्र आधी दोनदा बजावायचं.

अ-१०२ (८:५४)
काका, ठरलं! आमचा मोठा तुमचाच.

ब-१०५ (८:५५)
आणि ढग आले तर?

क-२०१ (८:५७)
मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च आणि भिंत. हात टॉर्चजवळ नेला की राक्षस, भिंतीजवळ नेला की उंदीर. टॉर्च मुलाच्या हातात द्या, आपण फक्त हात दाखवा.

ब-३०४ (९:००)
माझा विज्ञानाचा प्रयोग पण घ्या ना. तीन पेले ओळीत. एका कडेला लाल पाणी, दुसऱ्या कडेला पिवळं, मधला रिकामा. टिश्यूच्या जाड पट्ट्या करून कडेच्या पेल्यांतून मधल्यात सोडायच्या. पाणी कागदाच्या बारीक फटींतून स्वतः वर चढतं आणि मधल्या पेल्यात उतरतं. तिथे नारिंगी होतं.

अ-४०३ (९:०२)
दादा, हा सुरेख आहे, कारण हा हळू होतो. सकाळी मांडून ठेवा आणि विसरा. मुलं जाता-येता बघतील. "बघा बघा" म्हणून कुणाला ओढून आणू नका.

अ-१०२ (९:०५)
सकाळची सोय झाली. दुपारच्या मीटिंगचं काय? धाकटीला बरोबर मी बोलायला लागले की शू लागते.

ब-१०५ (९:०९)
माझी पण सकाळी ११ ला आहे. आपण अदलाबदल करूया का? सकाळी माझी तुझ्याकडे, दुपारी तुझी दोघं माझ्याकडे. तीन मुलं एका घरात असली की उलट कमी त्रास देतात असं मला वाटतं.

अ-४०३ (९:१३)
उत्तम. आणि एक युक्ती. मीटिंगच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं पूर्ण तिला द्या, फोन लांब ठेवून. पोट भरल्यासारखं होतं त्यांना. एक खोका फक्त मीटिंगपुरता ठेवायचा, एरवी तो दिसतासुद्धा कामा नये. काय घालायचं? जुन्या लिफाफ्यांचा ढीग, चिकटपट्टी, झाकणांचे डबे, कुलूप आणि किल्ली. नवी खेळणी नकोत. कुलूप-किल्लीने मी कित्येक पालकसभा पार पाडल्यात.

क-५०२, डॉक्टर (९:२०)
उशिरा बघतोय. खोक्याचा विषय निघालाय म्हणून लिहितो. टिश्यूच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी घ्या. जी वस्तू तिच्यातून आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती नको, घशात अडकू शकते. न फुगवलेले आणि फुटलेले फुगे तर मोठ्या मुलांपाशीही नजरेखाली.

त्याहून महत्त्वाचं. रिमोट, खेळणी, वजनकाटा यांतली नाण्यासारखी चपटी बॅटरी. मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आत गंभीर जखम होऊ शकते. शंका जरी आली तरी घरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. आज रात्रीच रिमोटच्या झाकणाचे स्क्रू बघा.

आणि पाणी ओतण्याचा खेळ छान आहे, पण कुणीतरी मोठं हाताच्या अंतरावर हवं. बादलीच्या तळाशी थोडंसं पाणी असलं तरी लहान मूल त्यात तोंडावर पडून बुडू शकतं, आणि ते आवाज करत नाही. खेळ संपला की बादली उपडी. फोन आला तर आधी बादली, मग फोन.

अ-१०२ (९:२३)
रिमोट तपासला. झाकण सेलोटेपवर होतं. आत्ता बदललं.

ब-३०४ (९:२५)
डॉक्टर, टीव्हीचं पण सांगून टाका. घरात रोज भांडण होतं.

क-५०२, डॉक्टर (९:३२)
जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्यांसाठी सांगितलंय ते असं. दोन ते चार वर्षांच्यांना दिवसात एक तासापेक्षा जास्त पडदा नको, कमी असला तर चांगलंच. एक वर्षाच्या बाळाला अजिबात नको. तीन-चार वर्षांच्यांनी दिवसभरात मिळून १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० तरी धावपळीची, धापा टाकणारी. तुमच्या सोफ्यावरच्या उड्या यात धरायला माझी हरकत नाही.

माझं स्वतःचं मत, तो एक तास सकाळी उठल्या उठल्या खर्च करू नका. मीटिंगसाठी राखून ठेवा. आणि अपराधी वाटून घेऊ नका.

ब-१०५ (९:३४)
आज रात्री जागू द्यायचं का? उद्या सुट्टी आहे म्हणून हट्ट चाललाय.

क-५०२, डॉक्टर (९:३६)
उद्या संध्याकाळी किरकिर कुणाला ऐकायची आहे त्यावर ठरवा. तीन ते पाच वर्षांच्यांना दुपारच्या झोपेसकट १० ते १३ तास लागतात, सहा ते बाराच्यांना ९ ते १२.

सेक्रेटरी (९:४१)
सर्व सभासदांस. उद्या सकाळी ८:३० पर्यंत ब विंगसमोरच्या सहा गाड्या मागच्या बाजूला लावाव्यात. खडू चालेल, ऑइल पेंट चालणार नाही. लिफ्टच्या आणि मीटरच्या खोलीजवळ पाणी नको. गेट बंद राहील, वॉचमनला सांगितलं आहे. तरीही मुलांपाशी कायम दोन मोठी माणसं हवीत, वॉचमन हा त्यातला एक नाही.

ड-२०३ (९:४४)
माझी गाडी हलवतो. दुपारी १ ते ४ मात्र शांतता ठेवावी, ही विनंती.

अ-१०२ (९:४५)
नक्की काका. तेव्हा सगळी घरातच असतील.

दुसऱ्या दिवशी

क-२०१ (सायं. ६:१०)
हजेरी: सकाळी नऊ मुलं होती, ११ वाजता सावलीपाशी उरली चार. बाकीची मुंग्यांच्या रांगेमागे गेली. मीही गेलो. काठीवाल्यांची आखूड सावली १२ नंतर आली, त्यावरून दोघांचं घड्याळाशी भांडण झालं.

अ-१०२ (६:१५)
धाकटीने सकाळभर पाणीच ओतलं. खोका मीटिंगमध्ये चालला, पण शेवटची दहा मिनिटं ती कुलूप घेऊन माझ्या मांडीवर होती. साहेबांनी विचारलं, हा कट-कट आवाज कसला.

ब-१०५ (६:१८)
दुपारी माझ्याकडे तुझ्या दोघांनी मिळून पलंगाखाली दुकान काढलं. माझी बाहेर बसून स्वतःचं वेगळं दुकान चालवत होती. गिऱ्हाईक कुणालाच नव्हतं.

ब-३०४ (६:२२)
मधल्या पेल्यात नारिंगी झालं, पण बघायला मी एकटाच होतो.

अ-४०३ (६:२३)
पेले हलवू नका. उद्या शाळेतून आल्यावर बघतील.

अ-१०२ (६:३०)
३०४ चे दादा, ती दोन शिडांची कागदी होडी कशी करायची? मोठा झोपायला तयार नाही, अर्धी घडी घालून माझ्यापुढे बसलाय.

ब-३०४ (६:३१)
आलोच खाली. चौकोनी कागद आणतो.