मदत हवी आहे: प्लायच्या कडांनी डोकं उठवलंय

मंडळी, मी सुतार नाही, सगळं बघून बघून शिकतोय, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. १८ एमएम प्लायचं पुस्तकांचं कपाट केलंय, उघडंच आहे, दारं नाहीत, पाच फळ्या आणि प्रत्येक फळी ९०० एमएम लांब. कापणं, स्क्रू मारणं सगळं जमलं, गुण्या लावून बघितला तर कोपरेसुद्धा काटकोनात (माझाच विश्वास बसेना). घोडं अडलंय ते कडांवर.

झालं असं की फळीचं तोंड छान दिसतं पण कडेला प्लायचे थर दिसतात, पट्टे पट्टे, आणि दोन ठिकाणी आत पोकळी आहे, पेन्सिलीचं टोक आत जाईल एवढी. म्हटलं रंगवून टाकू. फळ्यांच्या कडांना पाण्याचा प्रायमर मारला, सुकल्यावर परत मारला, तरी दुसऱ्या दिवशी बघतो तर पट्टे तसेच, उलट हात फिरवला की दोन दिवस दाढी न केल्यासारखं लागतंय. मग पॉलिश पेपरने थोडं घासलं आणि ती इस्त्रीने चिकटवायची व्हिनियरची (लाकडाच्या पातळ पापुद्र्याची) पट्टी असते ना, ती एका फळीला लावून बघितली. मस्त चिकटली. चार दिवसांनी एका टोकाने जी सुटायला लागली ती आता अर्धी लोंबकळतेय.

वर आणखी एक घोळ. पट्टीची बाहेर आलेली कड घासायला ऑर्बिटल सँडर घेतला, ८० नंबरचा पेपर लावला आणि फळीच्या पुढच्या कोपऱ्यावरचं व्हिनियरच उडालं. नखाएवढा काळपट डाग आहे, आणि जितका घासतोय तितका मोठा होतोय. काय करू? कपाटाला लाकडाचाच रंग ठेवायचा होता, आता पूर्ण रंगवून टाकू का?

प्रतिसाद

आधी तो सँडर खाली ठेवा. प्लायचं वरचं व्हिनियर बऱ्याचदा अर्धा एमएमसुद्धा नसतं, त्याच्यावर ८० नंबर म्हणजे खेळ खल्लास. तुम्हाला जो काळपट डाग दिसतोय तो खालचा गोंद आणि आडवा थर आहे, तिथे स्टेन (लाकडात मुरणारा पातळ रंग) नीट बसणार नाही, घासून तर मुळीच जाणार नाही.

पट्ट्यांचं कारण साधं आहे. प्लायमध्ये एक थर उभा तर पुढचा आडवा, त्यामुळे कडेला दर दुसऱ्या थराची नुसती टोकं उघडी पडतात. स्ट्रॉची जुडी समजा. ती टोकं रंग पीत सुटतात, मधले थर त्या मानाने कमी पितात, म्हणून पट्टे. आणि पाण्याने तंतू फुगून उभे राहतात, ती तुमची दाढी. रंगवायचंच असेल तर आधी पोकळ्या लाकडाच्या पुट्टीने भरा, मग पांढरा गोंद पाणी घालून पातळ करून कडेला चोळा, पूर्ण सुकू द्या, १८० ने हलकं घासा आणि मग प्रायमर. पण स्टेन करणार असाल तर हा गोंद कुठे लागू देऊ नका, तिथे रंग चढत नाही आणि डाग आयुष्यभर तुमच्याकडे बघत राहतो.

प्रतिसाद

वरच्यांनी पट्टीचं सांगितलंच नाही. पट्टी सुटली कारण ती लाकडाला चिकटलीच नव्हती, प्रायमरला चिकटली होती. तिच्या मागचा गोंद गरम झाला की वितळतो आणि उघड्या लाकडात शिरून पकड घेतो, खाली रंग असेल तर शिरणार कुठे? आणि एक विचारायचं राहिलं, इस्त्रीची वाफ बंद होती ना?

धागाकर्ता

...वाफ चालू होती. मला वाटलं उष्णता जास्त मिळेल.

प्रतिसाद

हाहा, झालं मग. वाफ बंद, इस्त्री मध्यम, मध्ये एखादा साधा कागद धरायचा म्हणजे इस्त्रीच्या तव्याला गोंद लागून घरात वेगळा तंटा होत नाही. आणि इस्त्री फिरवून झाली की काम संपलं असं समजू नका, लगेच लाकडाचा ठोकळा घेऊन पट्टी थंड होईपर्यंत दाबत फिरवायचा, पकड तेव्हाच बसते. बाहेर आलेली कड सँडरने नाही, कानशीने काढायची, कानस तिरकी धरून फक्त खालच्या दिशेने, म्हणजे पट्टी दाबली जाते. वर खेचलीत की उचकटते.

प्रतिसाद

मी हौशीच आहे पण पट्टीच्या नादाला लागू नका असं म्हणेन. पुस्तकांच्या फळीला रोज हात लागतो, पुस्तकं घासतात, पातळ पट्टीचा कोपरा कधी ना कधी टवका देतो. लाकडाचं लिपिंग लावा, म्हणजे कडेला अखंड लाकडाची जाड पट्टी. आणि तुमच्या डागावरही त्यातच उपाय आहे. डाग पुढच्या कडेलाच आहे ना? स्क्रू काढून फळी बाहेर घ्या, पुढून १० एमएम कापून टाका आणि तेवढ्याच जाडीची लाकडाची पट्टी लावा. डाग गेला, प्रायमर गेला, फळीचं माप तेवढंच राहिलं. फक्त कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावा आणि धारदार सुरीने रेघ खोल ओढून घ्या, नाहीतर व्हिनियर फाटून कड कुरतडल्यासारखी होते. हातातल्या सर्क्युलर सॉने कापत असाल तर चांगली बाजू खाली.

पट्टी १८ ची नको, २० एमएम रुंद घ्या, दोन्हीकडे एकेक एमएम बाहेर. गोंद लावून मास्किंग टेप ताणून आडवी आडवी मारली तरी पुरते, शिकंजे नसले तरी चालतं. दुसऱ्या दिवशी रंध्याने सपाट करा. इथे एक युक्ती, प्लायच्या व्हिनियरवर सांध्याला लागून पेन्सिलीने गिरगटा, आणि शेवटी घासताना पेन्सिल पुसट व्हायला लागली की थांबा, म्हणजे व्हिनियरपर्यंत पोचलात.

जाता जाता, ९०० एमएमची फळी जाड पुस्तकांनी वाकेल. पट्टी २० ऐवजी ४० एमएम उंच घेऊन खाली लोंबती ठेवली तर फळी बरीच ताठ राहते.

प्रतिसाद

मी उलटं सांगतो, कडा झाकायच्याच कशाला? मी बर्च प्लायचं टेबल केलंय, १८ एमएममध्ये १३ थर, कडा नुसत्या १२०, १८०, २२० ने घासून वर पॉलीयुरेथेनचं वार्निश. लोक मुद्दाम हात फिरवून बघतात.

प्रतिसाद

चांगल्या बर्च प्लायला सहसा पोकळ्या नसतात हो, म्हणून. यांच्याकडे पेन्सिल आत जातेय.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, काल रात्री उरलेल्या तुकड्यांवर तिन्ही प्रकार करून बघितले. वाफ बंद ठेवून कोऱ्या कडेला लावलेली पट्टी नखाने सुटत नाही. गोंद चोळून रंगवलेली कड खरंच गुळगुळीत आली, पण थर तिरक्या उजेडात अजून जाणवतात. लिपिंग मात्र बघतच राहिलो, रंध्याची पाती मागे घेऊन घेऊन कागदासारखी ढलपी काढत गेलो, पेन्सिलीची रेघ पुसट झाली आणि सांधा शोधावा लागला. तर तेच करतोय, पाचही फळ्यांना, मधल्या तिघांना ४० एमएमची पट्टी.

एकच शंका उरली. पट्टी लावून मग स्टेन करू की आधी?

प्रतिसाद

पट्टी आधी. स्टेन आधी केलात तर रंध्याने तोच काढून टाकाल. सांध्यातून बाहेर आलेला गोंद ओला असतानाच ओल्या फडक्याने पुसू नका, पसरून लाकडात जिरतो. जेलीसारखा घट्ट झाला की पटाशीने उचला. आणि वर जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात. उलगडून बाहेर वाळत घाला.